दोन मीटरांचा भरवसा

लढाईच्या चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजून एकोणीस मिनिटांनी गिरिजा ओतूरकरच्या टेबलावरचा लाल दिवा लागला आणि तिच्या हातातला चहा हातातच राहिला.

दिवा लावणारा उपग्रह तिथून पंधरा लाख किलोमीटर दूर होता, पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये. आदल्या दिवशी सूर्यावर मोठा स्फोट झाला होता. त्यातून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट दुपारी पृथ्वीजवळ येईल, बहुतेक बाजूने निघून जाईल, असा सगळ्यांचा अंदाज होता. तो बाजूने गेला नव्हता आणि दुपारपर्यंत थांबलाही नव्हता. उपग्रहाला झोडपून तो पुढे निघाला होता. पृथ्वीवर आदळायला त्याला सत्तावीस मिनिटं लागणार होती.

गिरिजाने आकडे पुन्हा एकदा पाहिले. असलं चुंबकीय वादळ तिने फक्त अभ्यासलं होतं, अनुभवलं नव्हतं. एरवी ती आनंदाने वेडी झाली असती. तिने फोन उचलला आणि ब्रिगेडच्या ठाण्याला कळवलं, की दहा शेहेचाळीसपासून पुढची सूचना येईपर्यंत आपल्या एकाही तोफेने गोळा डागू नये.

ती अडतीस वर्षांची, मूळची जुन्नरजवळच्या ओतूरची. लुंगमा पठारावरच्या चुंबकीय वेधशाळेची ती प्रमुख होती. प्रमुख म्हणायचं इतकंच, कारण तेरा हजार फुटांवरच्या त्या तीन खोल्यांत ती आणि तिचा तंत्रज्ञ दोर्जे असे दोघेच राहत. दोर्जे पठाराच्या थेट पायथ्याच्या, पण वळणाच्या रस्त्याने बावीस किलोमीटरवरच्या सासपू गावचा. बायको आणि म्हातारे वडील तिथे बाजारपेठेत राहत होते. लढाई सुरू होण्याआधी ह्या दोघांना कोणी ओळखत नव्हतं. आता मात्र दर मिनिटाला वेधशाळेतून निघणाऱ्या एका आकड्यावर सगळ्या सीमेवरच्या तोफा अवलंबून होत्या.

हे कसं झालं ते सांगायला हवं. जुन्या काळी तोफेतून तीस किलोमीटरवर डागलेला गोळा कुठे पडेल हे अंदाजानेच ठरायचं. वाटेतला वारा, हवेची घनता, नळीची झीज, दारूचं तापमान, सगळं मोजूनही तो दोनशे मीटर इकडे नाहीतर तिकडे पडे. एक खंदक उडवायला शंभर गोळे लागत. मग उपग्रहाचे संदेश ऐकत स्वतःची वाट सुधारणारे गोळे आले. त्यांच्या मागोमाग ते संदेश गोंगाटात बुडवणारी यंत्रं आली, आणि ते शहाणे गोळे पुन्हा आंधळे झाले.

तेव्हा कोणाला तरी गिरिजाचा नकाशा आठवला.

कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्याने त्या काळचं पृथ्वीचं चुंबकत्व आपल्या अंगात साठवून ठेवलं. त्यामुळे प्रत्येक डोंगर, प्रत्येक कडा आपल्या डोक्यावरचं चुंबकीय क्षेत्र किंचित वाढवतो किंवा कमी करतो. माणसाच्या अंगठ्याचा ठसा वेगळा, तसा प्रत्येक दरीचाही. गोळ्याच्या टोकात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी बसवायची. तिच्यात रुबिडियम धातूची वाफ असते. ती वाफ सेकंदाला दोनशे वेळा खालचं क्षेत्र मोजते, गोळ्यातला संगणक ते नकाशाशी ताडून पाहतो आणि टोकावरचे चार छोटे पंख हलवून गोळा वळवतो. हा ठसा कोणाला पुसता येत नाही, कोणाला गोंगाटात बुडवताही येत नाही. गोळा ठरल्या जागेपासून दोन मीटरांच्या आत पडतो.

फक्त एक अडचण असते. वर आकाशात वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे सगळं क्षेत्रच दिवसभर थोडं वरखाली होत राहतं. म्हणून डागण्याआधी गोळ्याला सांगावं लागतं, की आत्ता या घडीला इतकी दुरुस्ती धर. तो आकडा गिरिजाची वेधशाळा देत असे.

तिचा धाकटा भाऊ मेजर कौस्तुभ याच्याकडे असल्या सहा तोफांची तुकडी होती. पहिल्या दिवशी त्याने चौदा गोळ्यांत तीन पूल आणि एक अख्खा इंधनसाठा उडवला होता. एरवी त्याला हजार गोळे लागले असते. संध्याकाळी फोनवर तो लहान मुलासारखा बोलत होता. तिचा नकाशा म्हणजे जादू आहे, पुलाच्या नेमक्या सांध्यावर गोळा बसला, शेजारच्या देवळाची काचसुद्धा फुटली नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. गिरिजालाही भरून आलं होतं. ते खोटं नव्हतं.

पण नकाशा तिचा एकटीचा नव्हता. सात वर्षांपूर्वी, दोन्ही देशांत बरं चाललं असताना, तो दोघांनी मिळून केला होता. पलीकडचे भूशास्त्रज्ञ मुराद बेग आणि ती एकाच हेलिकॉप्टरमधून आठ महिने या डोंगरांवरून फिरले होते, खाली लांब दोराला यंत्र लटकवून. नकाशा सगळ्या जगासाठी प्रसिद्ध झाला. म्हणून पलीकडच्या तोफाही तितक्याच अचूक होत्या.

त्यातून कोणाच्या ध्यानीमनी नव्हती अशी गोष्ट झाली. गोळा दोन मीटरांत पडतो हे दोन्ही सैन्यांना माहीत होतं. उघड्या माळावरची तोफ दोन मिनिटांत हेरली जायची. मग तोफा वस्तीला बिलगून उभ्या राहू लागल्या. शत्रू घरं वाचवूनच मारील, आणि त्याला मारायला अवघड जाईल, असा तो हिशेब होता. कौस्तुभच्या सहाही तोफा सासपूच्या दक्षिणेला, जर्दाळू वाळवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये होत्या. तिथून इस्पितळ तीनशे मीटर. पलीकडेही तसंच होतं, तिथे एका शाळेच्या मागे. अचूकतेवर दोन्हीकडच्या लोकांनी आपली गावं तारण ठेवली होती.

दहा पंचवीसला ब्रिगेडियर चेंगप्पांचा फोन आला. माणूस शांत आणि सभ्य होता. वेळेवर सांगितल्याबद्दल त्यांनी तिचे आभार मानले. आपल्या तोफा थांबवल्या आहेत, असं सांगितलं. मग म्हणाले, की पलीकडच्या बारा तोफा सकाळपासून सज्ज दिसतात, सासपूवर त्यांचं ड्रोन घिरट्या घालतंय, अकराच्या सुमारास ते शेडवर मारा करतील असं दिसतं. या वादळाचं त्यांना कळेल का?

गिरिजाला उत्तर ठाऊक होतं. त्यांना कळणार नव्हतं, आणि ते तिच्यामुळेच.

लढाईच्या पहिल्या सकाळी तिला विचारण्यात आलं होतं, की पलीकडचे आपल्या गोळ्यांना दुरुस्तीचा आकडा कुठून देतात. तिने खिंडीमागची मुरादची दगडी झोपडी नकाशावर दाखवली होती. चुंबकमापकाजवळ लोखंड चालत नाही, म्हणून ती झोपडी बांधताना तिने स्वतः पितळी खिळे पुरवले होते. दुपारी जेवायच्या वेळी मारा, तेव्हा आत कोणी नसतं, एवढं तिने सांगितलं होतं. एकाच गोळ्यात काम झालं. त्यानंतर मुरादचं काय झालं ते तिला कळलं नव्हतं. पलीकडचे आता साडेतीनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या वेधशाळेचे आकडे वापरत होते. शांत दिवशी तेवढ्याने भागतं. वादळात डोंगराच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला भलतंच चाललेलं असतं, आणि इथली घसरण त्या दूरच्या आकड्यांत दिसणार नव्हती.

तिने हे सगळं ब्रिगेडियरांना सांगितलं.

"म्हणजे त्यांचे गोळे भरकटणार," ते म्हणाले. "उत्तम. आपण गप्प बसायचं."

फोन ठेवल्यावर गिरिजाने संगणकावर हिशेब मांडला. वादळाने क्षेत्र एकदम घसरेल. शेडवर येणाऱ्या गोळ्याला वाटेल आपण शेजारच्या कड्यावर आहोत, आणि तो स्वतःला 'सुधारून' घेईल. किती, आणि कुठल्या दिशेला? दोर्जे तिच्या खांद्यामागे उभा होता. पडद्यावर नकाशा उमटला आणि त्यावर लालसर डाग पसरला. उत्तरेला, तीनशे ते आठशे मीटर. डाग इस्पितळापासून सुरू होत होता आणि बाजारपेठेच्या टोकाला संपत होता.

दोर्जेने खुर्ची ओढली आणि तो बसला. दहा एकतीस झाले होते.

गिरिजाने पुन्हा ब्रिगेडला फोन लावला, डाग कुठे पडतो ते सांगितलं. इस्पितळ रिकामं करायचा हुकूम चेंगप्पांनी लगेच दिला. पण अर्ध्या तासात दोनशे रुग्ण हलत नाहीत हे दोघांनाही कळत होतं. मग तिने दुसरा मार्ग सुचवला. जगातल्या सगळ्या चुंबकीय वेधशाळा आपले आकडे दर मिनिटाला एका खुल्या जाळ्यावर टाकतात, कोणीही ते पाहू शकतं. लढाई सुरू होताच लष्कराने लुंगमाचे आकडे बंद केले होते. ते परत सुरू केले, तर पलीकडच्यांना वादळ दिसेल आणि तेही तोफा थांबवतील.

"किंवा तेच आकडे वापरून तुमच्या भावाला अचूक मारतील," ब्रिगेडियर म्हणाले. "वादळ सुरू व्हायला अजून पंधरा मिनिटं आहेत. मी परवानगी देऊ शकत नाही, डॉक्टर."

ते चुकीचं बोलत नव्हते. तोफा तिथून हलवता येतील का, असं तिने विचारलं. तेही नाही, दिवसाढवळ्या बाहेर पडल्या तर ड्रोन टिपेल, आणि वरून हुकूम आहे की हालचाल नको.

आकडे बंद करणारी कळ शेजारच्या खोलीत भिंतीवर होती. लष्कराने तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून सही केली होती. कुलूपसुद्धा घातलं नव्हतं.

तिने कौस्तुभचा नंबर लावला. तो तोफांपाशीच होता, मागे जनरेटर घरघरत होता. तिने दोन मिनिटांत सगळं सांगितलं, काहीही न लपवता. झोपडी तिने दाखवली होती हेसुद्धा त्याला पहिल्यांदाच कळलं. कळ सुरू केली तर पहिली काही मिनिटं तो शत्रूच्या हातात असेल, हेही तिने सांगितलं.



"ताई," तो म्हणाला, "मी इथे आलो तेव्हा इस्पितळातल्या सिस्टर आम्हाला चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं आम्ही त्यांचं रक्षण करायला आलोय. खरं तर आम्ही त्यांच्या आडोशाला आलो होतो."

"कौस्तुभ, तुला हुकूम नाहीये."

"तुला तरी कुठे आहे? तू कळ दाब. मी तोफा नदीच्या पात्रात नेतो. मारायचंच असेल तर तिथे मारतील."

त्याने फोन ठेवला.

गिरिजा उठली. दोर्जे आधीच भिंतीपाशी जाऊन उभा राहिला होता. त्याने कळेला हात लावला नव्हता, नुसता उभा होता. ही सही मोडली तर तुझी नोकरी जाईल, तू खोलीबाहेर जा, असं तिने त्याला सांगितलं. तो गेला नाही. तिने पट्टी फाडली आणि कळ दाबली. दहा एकेचाळीस. लुंगमाचा आकडा चार दिवसांनी पुन्हा जगाला दिसू लागला. त्याच्याखाली तिने वादळाची सूचना टाइप केली: चुंबकीय नकाशे पुढचे काही तास विश्वासार्ह नाहीत, लुंगमा खोऱ्यात चूक आठशे मीटरपर्यंत. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

दोघं दुर्बीण घेऊन बाहेर पळाले. खाली सासपू खेळण्यासारखं दिसत होतं. शेडचे पत्रे बाजूला सरले आणि पहिली तोफ आपल्या आठ चाकांवर बाहेर पडली, मग दुसरी, मग तिसरी. धुळीचा लोट उठला. चार दिवस लपून राहिलेल्या तोफा भर उन्हात, सगळ्या जगाला दिसतील अशा, नदीकडे पळत सुटल्या. गिरिजाने एवढ्या वेगाने धावणारी तोफ कधी पाहिली नव्हती. तिला भीती वाटत होती आणि त्याच वेळी अंगात काहीतरी उसळत होतं. दोर्जे मोठ्याने मोजत होता. चार. पाच. सहावी शेडच्या दाराशी अडकली, मागे आली, पुन्हा निघाली. आकाशातला ड्रोनचा ठिपका गावावरून सुटला आणि तोफांच्या मागे लागला. गाव मोकळं झालं.

तेवढ्यात आतून घंटा वाजली. वादळ पोचलं होतं, बरोबर दहा शेहेचाळीसला. पडद्यावरची चार दिवस सरळ चाललेली रेघ एकाएकी वर उडाली आणि मग दरीत कोसळल्यासारखी खाली आली. दोनशे, चारशे, सहाशे नॅनोटेस्ला. सबंध पृथ्वीचं चुंबकत्व कोणी गदागदा हलवावं तसं ते दिसत होतं.

कौस्तुभच्या तोफा तीन किलोमीटरवर पात्रात पसरून थांबल्या. अकराला दोन मिनिटं कमी असताना पलीकडून एक गोळा आला. शिट्टीसारखा लांब आवाज, आणि मग नदीपलीकडच्या ओसाड उतारावर धुराचा खांब उभा राहिला. सगळ्यांत जवळच्या तोफेपासून साडेआठशे मीटर. ड्रोनवरून पलीकडच्यांनीही ते पाहिलं असणार.

दुसऱ्या गोळ्याची वाट पाहत गिरिजा दुर्बीण धरून उभी होती. हात बधिर झाले. अकरा वाजून गेले, सव्वाअकरा झाले. दुसरा गोळा आला नाही.

अकरा बावीसला दोर्जेने तिला आत बोलावलं. खुल्या जाळ्यावर लुंगमाच्या खाली एक नाव उजळलं होतं, जे चार दिवस मेलेलं होतं. मुरादच्या झोपडीचं नाव. आकडे यंत्राने पाठवलेले नव्हते. कोणीतरी हातातलं साधं यंत्र धरून, दर पाच मिनिटांनी एक आकडा टाइप करत होतं, मधेच चुकत होतं, दुरुस्त करत होतं. ते आकडे लुंगमाच्या आकड्यांना धरून वर जात होते आणि खाली येत होते. गिरिजाने पडद्याला हात लावला. मग खुर्चीत बसून ती रडली, आणि दोर्जेने तिला खुशाल रडू दिलं.

वादळ नऊ तास चाललं. त्या नऊ तासांत दोन्ही बाजूंनी एकही गोळा सुटला नाही. सासपूतले रुग्ण हलवले गेले. पलीकडच्या गावातूनही गाड्यांची रांग बाहेर पडताना दिसली, आणि त्या शाळेमागच्या तोफा निघून माळावर आल्या. एकदा वस्तीबाहेर पडलेली तोफ पुन्हा वस्तीत नेणं कोणालाच जमलं नाही. नर्सबाईंनी, दुकानदारांनी, म्हाताऱ्यांनी रस्त्यात गाड्या आडव्या लावल्या. लढाई आणखी पाच दिवस चालली, पण माळावर, आणि मग बोलणी सुरू झाली.

चौकशी व्हायची ती झाली. कळ चुकून दाबली गेली असं लिहून द्या, प्रकरण मिटेल, असं एका अधिकाऱ्याने गिरिजाला सुचवलं. तिने वेळेसकट जे केलं ते लिहून दिलं. लष्कराच्या कामातून तिला काढलं, वेधशाळा मात्र तिच्याकडेच राहिली, कारण तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. कौस्तुभची तुकडी काढून घेतली आणि त्याला शिकवायला पाठवलं. चौकशीत चेंगप्पांनी दोघांच्या विरुद्ध साक्ष दिली आणि मग दोघांच्या बाजूने दोन पानांचं पत्रही जोडलं. तहात शेवटी एक छोटं कलम आलं: वस्तीपासून तीन किलोमीटरांच्या आत तोफ नको, आणि वेधशाळांचे आकडे युद्धातही बंद करायचे नाहीत. दोर्जेने ते रेडिओवर ऐकलं आणि दोनदा सांगितलं.

मे महिन्यात पूल खुला झाला. गिरिजा आणि दोर्जे लाकडी पेटी दोन बाजूंनी धरून पायी पलीकडे गेले. पेटीत लुंगमाचं जादा चुंबकमापक होतं. मुराद बेग पुलाच्या टोकाशी उभे होते. सात वर्षांत केस पांढरे झाले होते. त्यांनी डाव्या कानाला हात लावून खूण केली, की इकडून ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. त्या दुपारी ते झोपडीत नव्हते, पण फार दूरही नव्हते.

गिरिजा उजवीकडे जाऊन उभी राहिली. वाटभर तिने जे ठरवलं होतं ते सगळं विसरली.

"ती जागा मी दाखवली होती," ती म्हणाली.

"माहीत आहे," मुराद म्हणाले. "गोळा यंत्राच्या चौथऱ्याच्या मधोमध पडला. ती जागा इतकी नेमकी आपल्या दोघांनाच ठाऊक होती. मी ती कोणाला दाखवली नव्हती."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मग त्यांनी दोर्जेच्या हातातलं पेटीचं टोक घेतलं, आणि तिघं चढाला लागले. वाटेत त्यांनी तिला नव्या चौथऱ्याबद्दल विचारलं. जुनी जागा आता लोखंडाच्या तुकड्यांनी भरली होती, तिथे कुठलंच यंत्र खरं बोललं नसतं. चाळीस मीटर वर एक चांगला खडक त्यांनी हेरून ठेवला होता. गिरिजाने पेटी खाली ठेवली, खिशातल्या किल्ल्या आणि कमरेचा लोखंडी बकलाचा पट्टा काढून दोर्जेकडे दिला, आणि खडक मोजायला पुढे झाली.